शेवटून वाचताना

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती सुचवणाऱ्या सात ओळी. एक काढलेली, तिच्या कपाळावर वजाची खूण. सहा नव्या, त्यांच्या कपाळावर अधिकची. वर चार वाक्यांचं निवेदन आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव. हा पाठवणारा कोण, कुठला, मला ठाऊक नाही. मेलवरच्या वेळेवरून इतकंच कळलं की तो राहतो तिथं तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. तरुण असावा असं मी आपलं ठरवून टाकलं, कारण चार वाक्यांत एकदाही ‘बहुधा’ आलेला नव्हता. वय वाढतं तसा हा शब्द माणसाच्या लिहिण्यात हळूच शिरतो आणि मग तिथून हलत नाही.

अशा ओळी वाचून त्यांवर मत देणं हा माझ्या पोटापाण्याचा एक भाग आहे. ऑफिसात त्याला रिव्ह्यू म्हणतात, आणि लांबून बघणाऱ्याला तो इतका निवांत दिसतो की याचा कुणी पगार देतं यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. माणूस पडद्याकडे बघत बसलेला असतो. बोटं हलत नाहीत. मध्येच मान तिरकी होते, मध्येच ओठ पुटपुटतात. कॉफीवर साय धरते. बायको एकदा मागे येऊन उभी राहिली, तिनं पडद्यावरच्या ओळी बोटानं मोजल्या आणि म्हणाली, “एवढंच? मगापासून एवढंच वाचतोयस?” आमच्या लग्नाची पत्रिका मी छापून आल्यावरसुद्धा नीट वाचली नव्हती, हे तिला ठाऊक आहे. तिला ते विसरायला लावण्याची माझी ताकद नाही.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं १९९१च्या ऑगस्टमध्ये हौस म्हणून करतोय अशी वर्दी देऊन जे आरंभलं, ते लिनक्स आज फोनपासून महासंगणकांपर्यंत सगळीकडे जाऊन बसलं आहे. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या ओळी चार कोटींच्या घरात गेल्यात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक नुसत्या ड्रायव्हरांच्या. म्हणजे मूळचं शहाणपण थोडकं, बाकी सगळा तऱ्हेवाईक यंत्रांशी जुळवून घेण्याचा खटाटोप. कुठलं कार्ड झोपेतून उठल्यावर थोडा वेळ काही बोललेलं खपवून घेत नाही, कुणाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, कुणी होकार देतं पण काम करत नाही. १९९०च्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर या एका माणसानं यातले कितीतरी इथरनेट ड्रायव्हर लिहिले. इतक्या परक्या स्वभावांची नस ओळखणारा माणूस घरी कसा असेल, याचं मला कुतूहल आहे. कर्नलमध्ये एक लांबलचक यादीही असते, कुठल्या ड्रायव्हरचं पालकत्व कुणाकडे याची. काहींपुढे ‘सांभाळ चालू’ अशा अर्थाचा शेरा असतो, काहींपुढे ‘जमेल तशी डागडुजी’, आणि काहींपुढे सरळ ‘अनाथ’. माझ्याकडचा ड्रायव्हर डागडुजीवाला. त्याची कार्डं आता कुणी विकत घेत नाही, पण ज्यांच्याकडे आहेत ते ती काढूनही टाकत नाहीत.

हे सगळं चालतं बंगळुरातल्या मारतहळ्ळीत, आउटर रिंग रोडपासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावर. खाली पीजीच्या पाट्या, पाण्याचे टँकर, इडलीच्या टपरीसमोर उभ्यानं बाय-टू कॉफी पिणारी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं. पलीकडे मेट्रोसाठी उकरून ठेवलेला रस्ता आणि त्यावर दरवाजातून माणसं ओसंडत असलेली ५००-डी बस. आता इतक्या गर्दीच्या कडेला बसून नेटवर्कबद्दल लिहायचं म्हणजे ट्रॅफिकची उपमा आपणहून समोर येऊन उभी राहते. बंगळुरात या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा तरी वापरली असेल. मी ती घेत नाही. शिवाय पॅकेट हॉर्न वाजवत नाही.

मारतहळ्ळीतून पश्चिमेला निघालं की जुन्या विमानतळाचा रस्ता लागतो. २००८च्या मे महिन्यात देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि इथली प्रवासी विमानं गेली, पण एचएएलचा विमानांचा कारखाना आहे तिथंच आहे. १९४०च्या डिसेंबरात, युद्ध पेटलेलं असताना, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं तो उभा केला. पुढं १९६१मध्ये कुर्ट टांक या जर्मन अभियंत्यानं रचलेलं मारुत नावाचं लढाऊ जेट याच कारखान्यातून आकाशात गेलं. मारतहळ्ळीचं नाव त्याच मारुतवरून पडलं असं इथले काही जण सांगतात, काही जण मराठ्यांच्या छावणीवरून म्हणतात. कुणाकडून पुरावा येत नाही आणि कुणी मागतही नाही. मी सांगलीचा. वालचंदांच्या नावाचं कॉलेज आमच्या गावात, त्यामुळे एचएएलच्या भिंतीवरून जाताना मला उगाच नात्यातल्या माणसाच्या दारावरून चालल्यासारखं वाटतं. विमानाच्या कामात एक जुनी रीत आहे. महत्त्वाच्या जागी नट आवळणारा वेगळा आणि आवळला आहे हे पाहून सही करणारा वेगळा. आवळणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. माणसाचे डोळे त्याच्याच हाताला फितूर असतात म्हणून. माझं काम या दुसऱ्या सहीचं.

तर त्या सात ओळी. कार्ड सुरू करायचं म्हणजे या ड्रायव्हरला चार गोष्टी ओळीनं कराव्या लागतात. जाणाऱ्या पॅकेटांसाठी मेमरीत २५६ खणांची एक रिंग मांडायची. येणाऱ्यांसाठी दुसरी. मग नॅपीला जागं करायचं. शेवटी कर्नलकडून एक इंटरप्ट मागून घ्यायचा, म्हणजे कार्डाला हाक मारायची सोय झाली. यातली नॅपी ही या शतकाच्या आरंभाची युक्ती. तिच्याआधी पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला हाक मारायचं, आणि पॅकेटांचा लोंढा आला की बिचारा प्रोसेसर नुसता ‘ओ’ देऊनच दमायचा, कामाला हात लागायचाच नाही. आता पहिल्या हाकेनंतर ड्रायव्हर कार्डाला गप्प बसवतो आणि स्वतःच येऊन एका फेरीत चौसष्टपर्यंत पॅकेटं उचलून नेतो. आवराआवर झाली की कार्डाला पुन्हा बोलायची मुभा. घरोघरी राबवावी अशी ही व्यवस्था आहे.

चौथ्या पायरीवर कर्नलनं नकार दिला तर काय, याचं उत्तर मूळ लेखकानं एकाच ओळीत दिलं होतं: जमलं नाही असं कळवून निघून जायचं. निघून जाताना आधीच्या तीन पायऱ्यांवर घेतलेलं सगळं तिथंच टाकून. दोन्ही रिंगा मेमरी अडवून बसलेल्या, नॅपी जागीच. त्या मुलानं ही एक ओळ काढली होती आणि आवरून जाण्याच्या सहा ओळी घातल्या होत्या. खरी गंमत अशी की इंटरप्ट नाकारला जाण्याचा प्रसंग या कार्डाच्या नशिबी कधी आला असेल, असं मला वाटत नाही. तरीही दोन खंडांवरची दोन माणसं, एक रात्री अडीचला आणि एक भर सकाळी, त्या न घडलेल्या प्रसंगात कुणी कसं वागावं याचा गंभीरपणे विचार करत होती. कुठलाही ड्रायव्हर उघडून पाहा. सगळं सुरळीत चाललं तर काय करायचं, हे थोडक्यात आटपलेलं असतं. उरलेलं सगळं बिनसलं तर काय, याबद्दल. मेमरी मिळाली नाही तर. केबल निघाली तर. चालू मशीनमधून कार्डच कुणी उपटलं तर. चांगल्या काळाला इतकी कमी जागा देणारं लिखाण मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझे वडील, अण्णा, सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षातून एकदा एक दिवाळी अंक, असा तिथला संसार. खिळ्यांचा छापखाना. जुळारी केसच्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, ओळींचा फर्मा व्हायचा, फर्मा मशीनवर चढायचा. छापून झालं की फर्मा मोडून प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. हे शेवटचं काम कुणालाच आवडत नसे. जुळवण्याचं कौतुक होतं, शेवटी हातात छापलेला कागद यायचा; परत टाकण्यातून काहीच हाती येत नसे. मग मार्चअखेरच्या घाईत जुने फर्मे न मोडता तसेच दोऱ्यानं बांधून कोपऱ्यात रचले जायचे, आणि कुठल्यातरी अहवालाच्या सतराव्या पानावर अचानक ‘ळ’ संपायचा. सहकारी संस्थेचं पान ‘ळ’शिवाय हलत नाही. संचालक मंडळ, ताळेबंद, वेळोवेळी मिळालेलं सहकार्य. अण्णा रात्री उशिरा घरी यायचे, पायरीवर चपला काढता काढता आईला सांगायचे, “आज ‘ळ’ नव्हता,” आणि आई काही न बोलता ताट वाढायला घ्यायची. आमच्या घरात उशिराचं ते पुरेसं कारण होतं.

कर्नलमध्ये याला मेमरी लीक म्हणतात. कुणी काही चोरलेलं नसतं. घेतलेलं परत टाकायचं तेवढं राहून जातं आणि खूप दिवसांनी, भलत्याच पानावर, ‘ळ’ संपतो.

परत टाकण्याची कर्नलची जी पद्धत आहे तिच्या केंद्रस्थानी ‘गोटू’ आहे, प्रोग्रामला एका ओळीवरून थेट दुसरीकडे उडी मारायला लावणारी आज्ञा. हे नाव वाड्यातल्या एखाद्या वात्रट पोराचं वाटावं, आणि संगणकशास्त्रात त्याची प्रतिमाही तशीच. एड्सगर डायक्स्ट्रा या डच पंडितानं १९६८च्या मार्चमध्ये संगणकतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात पत्र लिहून गोटू घातक असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून जगभरच्या मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. मला शिकवणारे एक सर तर गोटू दिसला की पुढचा प्रोग्राम वाचतच नसत. अशा संस्कारांत वाढून मी पहिल्यांदा कर्नल उघडला आणि बघतो तर पानोपानी गोटू. पण तो तिथं वात्रटपणा करत नव्हता. फंक्शनच्या तळाशी पायऱ्या असतात. ज्या टप्प्यावर घात झाला, त्याच्या पायरीवर गोटू तुम्हांला नेऊन सोडतो आणि तिथून खाली उतरत, घेतलेलं एकेक परत टाकत बाहेर पडायचं. क्रम नेहमी उलटा. सगळ्यांत शेवटी घेतलं ते सगळ्यांत आधी परत. जगानं ओवाळून टाकलेल्या या पोराला कर्नलनं आवराआवरीच्या कामाला लावलं, आणि ते काम तो इतकी वर्षं चोख करतोय.

अण्णा प्रूफ दोनदा वाचत. पहिलं वाचन सरळ. दुसरं पानाच्या शेवटच्या शब्दापासून वर चढत, एकेक शब्द उलट्या क्रमानं. अर्थ लागला की डोळा चूक परस्पर दुरुस्त करूनच वाचतो, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही, असं ते म्हणत. अशा उलट वाचनात त्यांचे ओठ हलायचे. लहानपणी मला ते एखादा मंत्र उतरवताहेत असं वाटे. त्यांचं दुसरं एक सांगणं होतं: वाचताना जुळारी वैरी समजायचा, खूण करताना व्याही. समासातल्या त्यांच्या खुणा बारीक, टोकदार पेन्सिलीच्या, आणि ‘चूक’ हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. नुसती रेघ आणि योग्य अक्षर.

मीही त्या सहा ओळी शेवटून वाचल्या. सर्वांत खाली, परत जा. तिच्या वर, नॅपीला झोपव. तिच्या वर, जाणाऱ्यांची रिंग मोड. तिच्या वर, येणाऱ्यांची मोड. सगळं होतं. पण नॅपी जागी झाली होती रिंगांनंतर. मग झोपायला हवी होती रिंगांच्या आधी. इथं आधी रिंगा मोडल्या जात होत्या आणि नॅपी मागाहून झोपत होती. म्हणजे त्या दोन ओळींच्या मध्ये एक फट. मायक्रोसेकंदांत मोजावी अशी, पण फट. तेवढ्या वेळात नॅपी टक्क जागी आहे आणि तिच्या रिंगा जगात नाहीत. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवरून कुणी तिला कामाला लावलं, तर ती सवयीनं रिंगेत हात घालील, आणि ती मेमरी एव्हाना दुसऱ्याच कुणाला देऊन झालेली असेल. त्या मुलानं आवरायच्या वस्तू नीट आठवल्या होत्या. फक्त आठवल्या त्या क्रमानं लिहिल्या होत्या. रात्री अडीचला माणूस याहून वेगळं काय करणार.

दुसऱ्याच्या मेमरीत हात जाणं ही नेटवर्क ड्रायव्हरांची तशी जुनीच खोड. इथरनेटचं पॅकेट साठ बाइटांहून लहान असून चालत नाही. मजकूर त्याहून कमी असला की उरलेली जागा भरून काढावी लागते. शून्यं भरावीत असं ठरलेलं. छापखान्यात पान अपुरं पडलं की पानपूरक टाकत, एखादा विनोद, एखादा सुविचार, तसंच हे. पण कितीतरी ड्रायव्हरांनी शून्यं भरण्याचा आळस केला आणि जवळपास मेमरीत जे पडलेलं होतं तेच पॅकेटच्या शेपटीला लावून पाठवून दिलं. कुणाच्या आधीच्या पत्राचे तुकडे, कुठली अर्धी ओळ, काय वाटेल ते. वर्षानुवर्षं हे चाललं. २००३च्या जानेवारीत दोन संशोधकांनी ते चव्हाट्यावर आणलं आणि त्याला ‘इथरलीक’ नाव पडलं. सुरक्षेतल्या त्रुटींची जी जागतिक नोंदवही आहे, तिच्यात २००३ सालच्या क्रमांकांत पहिलाच क्रमांक याचा. मला त्या पानपूरकांबद्दल नेहमी एक चोरटं कुतूहल वाटत आलं आहे. ‘हे मशीन जागं आहे का’ एवढंच विचारणारं इवलंसं पॅकेट, आणि त्याच्या पदराला चिकटून गेलेली भलत्याच कुणाची गोष्ट.

फट सापडली आणि मनात पाल चुकचुकली. कारण नेमक्या अशाच दुरुस्त्यांचा, म्हणजे पॅचांचा, एक इतिहास आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी, रिव्ह्यू करणारे कितपत जागे असतात हे तपासायला, मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवले होते. वरून अगदी साळसूद: छोटी दुरुस्ती, नम्र निवेदन, आणि पोटात परत दिलेल्या मेमरीला हात लावणारी एक ओळ. २०२१च्या एप्रिलमध्ये कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं सगळंच थांबवलं आणि आधी आलेले १९०च्या आसपास बदल मागे घ्यायची तयारी केली. मग कितीजणांनी बसून ते सगळे पुन्हा वाचले. बहुतेक चांगलेच निघाले. संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. तेव्हापासून नेटक्या, नम्र, छोट्या पॅचकडे बघताना माझी नजर क्षणभर पोलिसाची होते, आणि मला ती आवडत नाही.

शिवाय संशय चुकीच्या दारात जाऊन बसतो याचाही दाखला आहेच. २००८मध्ये कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती घडत असताना, इंटेलच्या ई-१०००-ई ड्रायव्हरवर चालणारी कार्डं लोकांच्या मशीनमध्ये एकाएकी मरू लागली. नुसती बंद पडली असं नव्हे. कार्डाच्या अंगावरची, त्याला स्वतःची ओळख सांगणारी मेमरीच खराब व्हायची. सगळ्यांनी ड्रायव्हरला धरलं. त्या आवृत्तीवर चालणाऱ्या चाचणी-वितरणांनी तो काढूनही टाकला. ऑक्टोबरात उलगडा झाला: दोषी दुसराच होता, कर्नलमधल्या घडामोडींची नोंद ठेवणारी एफट्रेस नावाची यंत्रणा. कर्नलनं मोकळी केलेली एक जागा पुढं कार्डाकडे गेली होती, आणि एफट्रेस ती आपलीच समजून तिच्यात लिहीत होती. ड्रायव्हरची कुणी माफी मागितल्याची नोंद नाही.

तेव्हा मी तो मुलगा निर्दोष धरला आणि उत्तर लिहायला घेतलं. सात ओळींवर चार ओळींचं उत्तर लिहायला सात ओळी वाचण्याहून जास्त वेळ जातो. एके काळी कर्नलच्या जगात खरमरीत लिहिणं हे हुशारीचं लक्षण मानत. २०१८च्या सप्टेंबरात खुद्द टोरवाल्ड्सनं आपल्या बोलण्याबद्दल माफी मागून काही आठवड्यांची रजा घेतली आणि वर्तनाचे नवे नियम आले. आता सगळेच जपून लिहितात. जपून लिहिणाऱ्यांचं एक हत्यार म्हणजे ‘निट’, किरकोळ हरकत. ती लावून काहीही म्हणता येतं. नेटवर्कवाल्यांकडे किरकोळ हरकतींचा साठा मोठा. फंक्शनच्या सुरुवातीला जाहीर केलेले व्हेरिएबल लांबीच्या उतरत्या क्रमानं हवेत, सर्वांत लांब ओळ वर आणि आखूड खाली. ‘उलटा नाताळवृक्ष’ असंच या रचनेचं नाव आहे. मशीनला त्यानं काडीचा फरक पडत नाही. ओळ ८० अक्षरांच्या आत हवी, हा आकडा १९२८ सालच्या आयबीएमच्या भोकं पाडलेल्या कार्डापासून चालत आलेला. २०२०मध्ये कर्नलच्या तपासणी-स्क्रिप्टनं मर्यादा शंभरावर नेली, पण नेटवर्कवाले ऐंशीवरून हलले नाहीत. दुर्दैवानं या सात ओळींत व्हेरिएबल नव्हते आणि सगळ्या ओळी आखूड होत्या. संधी हुकली. मी लिहिलं: दुरुस्ती योग्य आहे, धन्यवाद, नॅपीला रिंगांच्या आधी झोपवावं, म्हणजे क्रम सुरुवातीच्या बरोबर उलटा होईल. ‘चूक’ लिहिलं होतं, ते खोडलं.

याउपर निवेदनात एक गोष्ट हवी होती: दोष मूळ कुठल्या बदलातून आला, त्याचा दाखला. शोधत मागे गेलो. २०१४, २०१०, २००७. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ओळीला हात लावलेला, पण खोट त्याच्याही आधीची. शेवटी इतिहासच संपला. कर्नलची आजची नोंदवही १६ एप्रिल २००५ला उघडली. त्या दिवशी २.६.१२ची दुसरी पूर्वावृत्ती अख्खीच्या अख्खी एका नोंदीत आत आली, आणि त्याआधीचं सगळं त्या नोंदीच्या पोटात. कुलवृत्तांतात मूळपुरुषापर्यंत पोचलं की पुढं ‘यापूर्वीची माहिती मिळत नाही’ असतं ना, तसं. स्मरणापूर्वीचा कुठलाही दोष तिच्यावर लिहायचा असा प्रघात आहे. इतकं सगळं पोटात घालणारी दुसरी नोंद नाही, आणि ती काही बोलत नाही.

पॅच मान्य झाला की त्याच्या तळाशी नावं लागत जातात. लिहिणाऱ्याचं, वाचणाऱ्याचं, चालवून पाहणाऱ्याचं, मग पुढं नेणाऱ्या प्रत्येकाचं. लिहिणाऱ्यांनी आणि पुढं नेणाऱ्यांनी असा सहीचा कबुलीजबाब द्यायची पद्धत २००४पासूनची. त्याच्या आदल्या वर्षी एस्सीओ या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला होता, लिनक्समध्ये आमचा माल घातलाय म्हणून. तेव्हा कुठली ओळ कुणाच्या हातून आली हे लिहून ठेवलेलं बरं, असं ठरलं. मराठेशाहीतल्या पत्रांच्या शेवटी मोर्तबाचा लहान शिक्का असायचा, मजकूर इथं संपला, याखाली कुणी काही घुसवू नये म्हणून. इथं उलट, प्रत्येक जण खाली आपली एक ओळ घालूनच पत्र पुढं सारतो. वाचणाऱ्याच्या सहीचा अर्थ काय, हेही नियमावलीत लिहिलेलं आहे. मी हे वाचलं, मला ते ठीक वाटतं, मात्र ते चालेलच याची मी हमी देत नाही. हे वाचल्यावर मला सांगलीतल्या किराणा बिलांच्या तळाशी असायचं ते ‘चू. भू. द्या. घ्या.’ आठवलं आणि नियमावली लिहिणाऱ्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

दुसरी आवृत्ती आली. तोच पॅच चोवीस तासांच्या आत पुन्हा पाठवू नये, असा नेटवर्कवाल्यांचा एक नियम आहे, उतावळ्यांसाठी केलेला. त्यानं पहिल्या आवृत्तीपासून चोवीस तास आणि अकरा मिनिटं थांबून पाठवलं होतं. ती अकरा मिनिटं मला फार आवडली. क्रम बरोबर झाला होता, २००५चा दाखला आला होता, आणि निवेदनात दुसऱ्या वाक्यात ‘बहुधा’ होतं. मी खाली नाव लिहिलं.

पुढच्याच आठवड्यात त्याची एक मालिका आली. तोच ड्रायव्हर. आपण इतक्या बारकाईनं वाचता हे पाहून इतरही जागा तपासायचा धीर आला, असं त्यानं सुरुवातीला लिहिलं होतं. एका मालिकेत पंधराहून अधिक पॅच पाठवू नयेत, असाही एक नियम आहे. तो त्यानं वाचलेला असणार. मी मोजले, पंधराच आहेत.